दत्तक झाडं

"बघत राहा हो मोठ्या बाई! हिरव्या शाळेचं बक्षीस नाही मिळवलं, तर बाग माझ्याकडून काढून घ्या!"

तिसरीच्या बाईंनी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर अशी थाप मारली, की वरची घंटासुद्धा दचकून वाजली. बाग म्हणजे बाईंचा जीव की प्राण! भिंतीलगतच्या खडकाळ पट्टीत मुलांना हाताशी धरून, वर्षभर खपून त्यांनी तीस रोपं जगवली होती. उद्या तपासणीचे साहेब येणार होते. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण बाईंना एक कल्पना सुचली. बाईंना कल्पना सुचली की शिपाईमामा आधी झाडू शोधून ठेवत.

शेवटच्या तासाला बाईंनी जाहीर केलं, "मुलांनो, आज प्रत्येकानं एकेक झाड दत्तक घ्यायचं!"

वर्गातली शंकासुर लगेच उभी राहिली. "बाई, दत्तक म्हणजे?"

"म्हणजे आपलं लेकरू मानायचं. क्षणभरही नजरेआड करायचं नाही!"

"आपलं आडनाव लावायचं?"

"लाव की, हौसेनं लाव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बागेत आल्या, तर खड्डेच खड्डे! जणू उंदरांचं संमेलन भरून गेलं होतं.

"चोर! मामा, चोर!"

"चोर कसले, बाई? काल तुमचीच मुलं एकेक रोप छातीशी धरून गेली. म्हणाली, बाईंनी सांगितलंय."

बाई धापा टाकत वर्गात शिरल्या. "झाडं कुठायत?"

"घरी!" सगळा वर्ग एका सुरात.

"अरे, पण का?"

शंकासुर म्हणाली, "लेकराला शाळेत ठेवून घरी जातात का, बाई?"

"मी माझ्याला आंघोळ घातली! साबण लावून!"

"माझं दूधच पीत नाही!"

"पळा! आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

मुलं पळाली. परत आली ती रिकाम्या हातांनी, आणि सोबत आयांची फौज! शंकासुराची आई कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"काय हो बाई, दत्तक दिलेलं लेकरू कुणी परत मागतं का? पोरगी काल जेवलीसुद्धा त्याच्याशेजारी बसून! कुंडीत आत्ता कुठे मान वर काढलीय त्यानं. पुन्हा उपटायचं?"

रोप पुन्हापुन्हा उपटू नये, हे बाईंनीच तर शिकवलं होतं!

नेमके तेव्हाच साहेब आले. त्यांनी खड्डे पाहिले, मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं, डोकी मोजली आणि वहीत लिहिलं. मोठ्या बाईंनी मान लांब करून वाचलं:

'झाडे: एक. पालक: एकोणतीस.'

बक्षीस गेलं. बोलल्याप्रमाणे बागही गेली, चौथीच्या सरांकडे. तशी द्यायला उरलीच कुठे होती म्हणा! कोपऱ्यात एकच रोप होतं, तापानं आडव्या झालेल्या एका मुलाच्या वाटणीचं.

शाळा सुटल्यावर सर बाग ताब्यात घ्यायला गेले, तर तेही गायब! आणि फाटकातून तिसरीच्या बाई लगबगीनं निघालेल्या. खांद्याला पर्स, पर्समधून दोन पानं डोकावतायत.

"बाई! हे काय?" मोठ्या बाई ओरडल्या.

बाई जागीच थबकल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "एकटं कसं ठेवायचं हो? त्याचा बाप बरा होईपर्यंत नेते."