व्याह्यांच्या विलायती गाड्या

संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्यांच्या मोटारी बाजारात आल्या. वळसंगचे शेंगांचे व्यापारी शिवलिंगप्पा यांनी एका राजेसाहेबांची इटालियन मोटार घेतली. ती तांबडीलाल आणि इतकी बुटकी की बांधलेली शेळी तिच्या टपावर हनुवटी टेकायची. हे कळताच त्यांचे व्याही, सोलापूरचे चादरवाले वीरभद्रप्पा, यांनी दुसऱ्या राजेसाहेबांची जर्मन मोटार घेतली. मुलाकडची बाजू मागे राहून कसं चालेल?

तालुक्यात लगेच दोन पक्ष पडले. इटालियन पक्ष म्हणे, आवाज ऐकावा तर हिचाच. जर्मन पक्ष म्हणे, कामाची बाई ओरडत नसते. दोन्ही गाड्या ताशी दीडशे मैल पळतात, यावर मात्र एकमत होतं. खड्ड्यांमुळे दहाच्या वर कुणी नेली नव्हती, पण त्यानं वादाला बाधा आली नाही.

शिवलिंगप्पांची लेक दाक्षायणी, म्हणजे वीरभद्रप्पांची सून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना सोलापुरात. वीरभद्रप्पा आदल्या दिवशीच येऊन राहिले होते, त्यामुळे दारात दोन्ही गाड्या तयार होत्या. इथेच घोळ झाला.

"पयलं बाळंतपण म्हायेरचं," शिवलिंगप्पा म्हणाले. "लेक माज्या गाडीतनं जाईल."

"लेक तुमची, इवाई. पण नातू कुणाचा?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

विषय गंभीर असल्यामुळे जागेवरच तुलना समिती नेमण्यात आली. अध्यक्ष विरुपाक्ष मास्तर. समितीनं दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घातली, चाकं दाबून पाहिली आणि निर्णय दिला: दोन्ही गाड्या जाव्यात. वरपक्षाचा मान म्हणून जर्मन पुढे. माहेरचा हक्क म्हणून बाळंतीण मागे, इटालियनमध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दाक्षायणीची आई रत्नम्मा लेकीला धरून गाडीपाशी आली. "हिनं बसायचं कुटं?"

समितीनं आत वाकून पाहिलं. आसनं दोन. एकावर ड्रायव्हर, कारण शिवलिंगप्पांना गाडी चालवता येत नव्हती. दुसऱ्यावर शिवलिंगप्पा, कारण गाडी त्यांची होती.

"तुमी उतरा की," रत्नम्मा म्हणाली.

"इवायाची गाडी मालकासकट जाणार, अन् माजी नुसत्या डायवरसंगं? लोक काय म्हंतील?"

जर्मन गाडीची अडचण तीच निघाली. दोन देशांच्या परंपरांतलं हे पहिलं साम्य समितीनं समाधानानं नोंदवलं. दाक्षायणीला थोडं थांबता येईल का, अशी विचारणाही करण्यात आली.

"पोटातलं पोर तुमच्या समितीचा शिपाई हाय व्हय, थांबायला?" रत्नम्मा कडाडली.

तेवढ्यात कुणीतरी इटालियन गाडीचं पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. चोरी झाली म्हणून ओरडा झाला. ते गाडीच्या पाठीत सापडेपर्यंत अक्कलकोटहून सोलापूरला जाणारी एसटी आली. रत्नम्मा तिला आडवी झाली, कंडक्टरनं "बाळंतीण हाय, मागं सरका!" म्हणत जागा केली आणि मायलेकी निघूनही गेल्या.

समितीच्या हे ध्यानात आलं तेव्हा दोन्ही गाड्या एसटीमागे सुटल्या. पुढे जर्मन, रस्त्यातल्या बैलगाडीच्या चालीनं. मागे इटालियन, कारण मुलीच्या बापानं व्याह्याला ओलांडायचं नसतं.

दवाखान्याच्या दारात रत्नम्मा हसतमुखानं उभी होती. ती तोंड उघडणार, तोच रस्त्यावरची गर्दी गाड्यांवर तुटून पडली. आम्हीही त्यात होतो. कोणती पुढे होती? मान सोडला असता तर कोणती पुढे आली असती? पाठोपाठच्या एसटीनं आलेल्या समितीनं तिथंच दुसरी बैठक बोलावली.

आजही हा किस्सा सांगितला की ऐकणारा हटकून विचारतो, अखेर सरस कोणती ठरली? तुम्हीही आता तेच विचारणार. रत्नम्माला काय सांगायचं होतं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.