पान एकशे बारा पाहा

कागद सांभाळण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. तीस वर्षं साहित्य शिकवलं, एकाही पोराची उत्तरपत्रिका हरवली नाही!

परवा मृतांचा शनिवार होता. त्या दिवशी आम्ही आपापल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकतो आणि पाद्रीबाबा ती चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. माझ्या चिठ्ठीवर एकच नाव होतं, फोतिस. तो हिवाळ्यात गेला. एकतीस वर्षं माझ्या घरात राहिला, गावाच्या लेखी भाडेकरू म्हणून. त्याच्या अंत्यविधीला मी सगळ्यांत मागे उभा होतो. निदान त्याचं नाव एकदा चारचौघांत वाचलेलं ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

खिशात दुसरीही चिठ्ठी होती, संध्याकाळच्या वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानाच्या टिपणांची. एका जुन्या कादंबरीत मठातले दोन साधू, अंथिमोस आणि इओआनिकिओस, चाळीस वर्षं एका खोलीत राहतात. ते प्रेम होतं, आणि हे आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही, हा माझा शोध!

टोपलीत कुठली चिठ्ठी पडली, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आमचे पाद्रीबाबा पापा-ग्रिगोरिस अर्थाच्या भानगडीत न पडता धाडधाड वाचत जातात. "अंथिमोस, इओआनिकिओस, दोघांत एकच पांघरूण, पान एकशे बारा पाहा." अख्ख्या चर्चने त्यांच्या आत्म्यांना शांती मागितली. मी मान खाली घालून बाहेर पळालो. अंगणात खिसा चाचपला, तर फोतिस तिथेच होता. मग मला रडू आवरेना.

प्रार्थना संपल्यावर शेजारच्या एव्हान्थियाबाई मृतांच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गोड गव्हाची पुडी घेऊन आल्या. अंथिमोस तुमचे कोण, म्हणून विचारलं. वडिलांकडचे, अशी मी थाप मारली.

"बरं. पण पळालात कशाला? पुढची चिठ्ठी माझीच होती. आमच्या ह्यांच्या शेजारी मी फोतिसचं नाव लिहिलं होतं. खणखणीत वाचलं हो."

मी पुडी घेतली आणि उगाच उलगडायला लागलो.

"तुम्हाला द्यायला संकोच वाटेल, म्हणून मीच दिलं," त्या म्हणाल्या. "अख्ख्या आळीला ठाऊक आहे, मास्तर. आज का कळलंय?"

जे नाव ऐकायला महिनोन् महिने झुरलो, ते वाचलं गेलं तेव्हा मी भिंतीआड नाक पुसत होतो.

संध्याकाळी वाचनालयात पहिल्या रांगेत आळीतल्या झाडून सगळ्या बायका बसल्या होत्या. 'आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही' हे वाक्य मी गुपचूप खोडलं. ते वाक्य गेल्यावर व्याख्यानात फारसं काही उरलं नाही.