डावीकडची जागा

आमच्या शेजारचे गुरुजी दर रविवारी सकाळी नऊला अमेरिकेला जातात आणि साडेदहाला परत येतात. मिरजगावातल्या त्यांच्या अंगणात एक जुनी अँबेसेडर आहे, तिच्यात बसून. गाडी जागची हलत नाही.

गुरुजी निवृत्त चित्रकला शिक्षक. कधीकाळी त्यांनी रद्दीतून अमेरिकन मासिकांचा गठ्ठा आणला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे तिथले हमरस्ते, मागे पंख फुटलेल्या लांबलचक मोटारी, माळावरचे एकटे पेट्रोल पंप. त्यातली चौसष्ट चित्रं कापून त्यांनी पुठ्ठ्यांवर चिकटवली, मागे क्रमांक टाकले. रविवारी एक पुठ्ठा समोरच्या काचेला टेकवायचा आणि थर्मासमधला चहा पीत बघत बसायचं.

दूधवाला कुंपणावरून विचारतो, "गुरुजी, आज कुठवर?"

"टेक्सास."

"मग तिकडं कांद्याला काय भाव हाय बघून या!"

"बघतो की. अजून लई रस्ता हाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी भूमापन खात्यातला. मोजणी जुळली नाही की मला चैन पडत नाही. चार वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हापासून दोन गोष्टी खटकत होत्या. एक, गुरुजी कायम डाव्या सीटवर बसतात. याचा खुलासा मीच शोधला: अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं. तो मी गल्लीत निदान वीस जणांना ऐकवला. जुन्यांपैकी कोणी हसलं नाही, हे मात्र माझ्या मोजणीत आलं नाही.

दुसरी, पुठ्ठा बदलतच नाही. चार वर्षं त्रेपन्न नंबरच. वाळवंटातला पंप, आणि स्टिअरिंगवर डोक्याला रुमाल बांधलेली बाई.

गेल्या रविवारी मी सरळ उजवं दार उघडून आत बसलो. म्हटलं, "गुरुजी, आठवड्याला एक धरला तरी तुम्ही केव्हाच पोचायला हवं होतं. अकराच उरलेत."

ते काचेकडेच बघत होते. "ती जागा हिची हाय."

मी स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, मी येण्याआधीच गेल्या होत्या. नर्स होत्या एवढंच मला माहीत.

"खेडोपाडी जायला लागायचं म्हणून ती गाडी शिकली," गुरुजी म्हणाले. "रविवारी एक चित्र घ्यायचं आन् तसली जागा हुडकायची. शेवटच्या चित्रात समुद्र हाय. ती म्हणायची, समुद्र म्हणून सीना धरण दाखवते तुमाला."

"मग तुम्हीच जायचं ना पुढे."

"मला कुठं गाडी येती, बाबा?"

सीना धरण इथून किती किलोमीटर, ते मला तोंडपाठ आहे. लायसन्स खिशात होतं. आणि मी काय बोललो? म्हणालो, "आता बॅटरीही बसली असेल."

"न्हाई न्हाई," गुरुजी घाईघाईने म्हणाले. "दर शनिवारी चार्ज करून आनतो."

मी "येतो" म्हणून उतरलो. दार नीट लागेना, दोनदा आपटावं लागलं, तेव्हा आतलं लॉक पडलं. गुरुजींनी आतून हात लांब करून ते पुन्हा उघडून ठेवलं.