घाटे बसतात

३ जुलै. सकाळी घरापुढचं हिरवं कुंपण कापायला घेतलं. किती दिवस लांबवलं होतं. आता पोस्टमन अंग चोरून आत यायला लागला होता. कात्री हातात घेऊन समोर पाहिलं तर घाट्यांच्या खिडकीतली खुर्ची रिकामी. म्हणजे आज इराची परीक्षा नव्हती.

हे आमच्या गल्लीत सगळ्यांना कळतं. नीउ-व्हेनेप या डच गावातली ही घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत. रस्त्याच्या बाजूला भली मोठी काच, आणि काचेला पडदा ओढायची पद्धत नाही. घरात काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, पण कोणी मुद्दाम बघत नाही. घाट्यांकडे मात्र बघतात. कारण मुलीचा पेपर असला की मिलिंद घाटे ऑफिसातून सुट्टी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतात. पेपर सुरू व्हायच्या वेळी बसतात, संपायच्या वेळी उठतात. मध्ये चहा नाही, फोन नाही, बाथरूमसुद्धा नाही. एकदा मी कढीपत्ता मागायला गेले आणि बेल वाजवली, तर त्यांनी बसल्या जागेवरून, काचेतून, हाताने 'नंतर' अशी खूण केली. मी वाऱ्यात पदर सावरत तशीच परत आले, आणि त्या दिवशीची आमटी कढीपत्त्याशिवाय झाली.

मी त्यांना विचारलं होतं, "अहो घाटे, पेपर ती लिहिते. तुम्ही बसून काय होतं?"

"बसून काही होत नाही, वहिनी," ते म्हणाले. "उठलं की होतं."

त्यांची अशी बरीच वाक्यं आहेत, त्यांतलंच हे एक म्हणून मी सोडून दिलं. ते सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात आहेत, पुण्यात होते तेव्हापासून. त्यामुळे 'एकदा तपासलं म्हणजे तपासलंच नाही' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. इराच्या सायकलचे टायर ते रोज सकाळी दोन बोटांनी दाबून बघतात, ती दार ओढून बाहेर आली की पुन्हा दाबतात. ब्रेक दाबतात. दिवा लावतात, उन्हाळ्यातही. मग फोनवर पावसाचं रडार बघून गल्लीच्या ग्रुपवर आपल्या इंग्रजीत जाहीर करतात, की शाळेच्या रस्त्यावर निळे ठिपके येताहेत, काळजी घ्यावी. ज्यांची मुलं कधीच शिकून गेली त्यांनाही ही काळजी रोज मिळते. आमची सायली टिलबर्गला शिकते, तरी मला नीउ-व्हेनेपच्या शाळेवरचे ढग पाठ आहेत.

पलीकडच्या आजीबाई कुत्र्याला फिरवताना एकदा थांबल्या आणि मला विचारू लागल्या, त्या गृहस्थांची तब्येत बरी आहे ना? तासन्तास हलत नाहीत. मी म्हटलं, मुलीला अभ्यासात मदत करताहेत. आजीबाईंनी खिडकीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, मन लावून करताहेत हं.

मनीषा होती तेव्हा हे सगळं तिच्यात मुरून जायचं. घाट्यांची बायको, माझी इथली पहिली मैत्रीण. शाळेच्या मेल ती वाचायची, डच ती बोलायची, आणि मुख्य म्हणजे त्या घरातलं बोलणंच तिच्यामार्फत चालायचं. घाटे मराठीत बोलायचे, इरा डचमध्ये नाहीतर इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघंही मनीषाकडे बघायचे. गेल्या ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आत, मनीषा गेली. घरात दोन माणसं उरली आणि मधला रस्ता बंद झाला.

इरा तेव्हा पाचवीत जाणार होती. इथल्या मोठ्या शाळेची पाचवी म्हणजे आपली अकरावी, आणि सहावीला शेवटची परीक्षा. आता आपल्याकडे अकरावी म्हणजे काय हे मी सांगायला नको. दहावीला घाम गाळायचा, बारावीला रक्त आटवायचं, मधलं वर्ष श्वास घ्यायला. घाट्यांनी त्याच हिशेबाने मुलीला सांगितलं, "अकरावी आहे, आराम कर." त्या वर्षापुरता तो सल्ला काही वाईट नव्हता असं मला अजून वाटतं. पण इथे पाचवीचे मार्क शेवटच्या निकालात धरतात. हे सांगणारी मेल आली होती, पण मेल वाचणारी राहिली नव्हती. नोव्हेंबरात परीक्षेचा आठवडा अंगावर आला तेव्हा घाट्यांना कळलं, आणि ते घाबरले.

घाबरलेला माणूस त्याला जे येतं ते करतो. दहावीच्या केंद्राबाहेर आपल्याकडे आईबाप झाडाखाली उभे असतात ना, पाण्याची बाटली आणि सोललेली मोसंबी घेऊन? घाटे माझा थर्मास मागून घेऊन गेले आणि शाळेच्या आवारात लिंडेनच्या झाडाखाली उभे राहिले. माकडटोपी, डब्यात काकडीच्या फोडी, आणि आडवा पाऊस. छत्री उलटी झाली ती त्यांनी तशीच धरून ठेवली. शाळेच्या दाराशी बसणारा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, काही मदत हवी का. घाटे म्हणाले, नो थँक्यू, एक्झाम. पेपर सुटला, मुलं बाहेर आली. मैत्रिणींनी इराला विचारलं, तो टोपीवाला तुझ्याकडेच हात करतोय, कोण आहे? इरा म्हणाली, माहीत नाही. आणि सायकल काढून निघून गेली.

तेवढं डच घाट्यांना येत होतं.

संध्याकाळी थर्मास परत द्यायला आले तेव्हा त्यांनी हे मला विनोद म्हणून सांगितलं. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. माकडटोपीत मीही स्वतःला ओळखलं नसतं." मी चहा टाकला, पण ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर होता. त्या दिवसापासून ते घरी बसायला लागले.

जानेवारीत शाळेने पालकांना बोलावलं. इथे मेंटॉर, म्हणजे वर्गशिक्षिका, प्रत्येक पालकाला दहा मिनिटं देते आणि अकरावं मिनिट देत नाही. भाषेसाठी घाटे मला बरोबर घेऊन गेले. त्यांनी आधी चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला. चिवड्यात कढीपत्ता का असतो हे समजावण्यात थोडा वेळ गेला. मग त्या बाई म्हणाल्या की इरा हुशार आहे, पण अडलं तरी विचारत नाही. मधल्या सुट्टीत एकटी वाचनालयात असते. मी मराठीत सांगितलं. घाट्यांनी विचारलं, "डबा खाते का?" मी डचमध्ये विचारलं. बाई म्हणाल्या, ते त्यांनी पाहिलेलं नाही, आणि त्यांनी उलट विचारलं, घरी तुम्ही तिला कसा आधार देता? हे घाट्यांना माझ्याशिवाय समजलं. ताठ होऊन ते म्हणाले, "आय सिट."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मला या गोष्टीचं डच येत नव्हतं. मराठीतही येत नव्हतं. मी म्हटलं, ते बसतात. पेपरच्या वेळी. बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि दहा मिनिटं संपली.

बसणं सोडून त्यांनी बाकीचंही करून पाहिलं. अर्थशास्त्राचा धडा फोनच्या कॅमेऱ्यातून इंग्रजीत वाचला आणि जेवताना मुलीला मागणी आणि पुरवठा समजावला. ती ताट घेऊन वर गेली. उपमा शिकले. मोहरी किती तडतडली म्हणजे पुरे, हे विचारायला मला फोन करायचे आणि फोन फोडणीजवळ धरायचे. "आता?" "नाही." "आता?" इरा तो उपमा डब्यातून न्यायची. खायची की नाही ते मला माहीत नाही, पण डबा रिकामा यायचा.

जूनअखेर निकाल लागला. बाकी सगळं सुटलं, गणित राहिलं. चार जुलैला फेरपरीक्षा. त्यात झालं तर सहावीत, नाहीतर हेच वर्ष पुन्हा. इथे वर्ष परत करण्याचं कोणाला काही वाटत नाही, निम्मी गल्ली कधी ना कधी एका वर्गात दोनदा बसलेली आहे. घाट्यांनाही मार्कांचं फार नव्हतं. ते मला एवढंच म्हणाले होते, "हे वर्ष तिच्याकडून पुन्हा नको करून घ्यायला. दुसरं कुठलंही चाललं असतं."

तर, तीन जुलै. कुंपण अर्धं कापून झालं होतं तेव्हा इरा समोरून आली, न सांगता आमचं दाताळं उचललं आणि पडलेल्या फांद्या ओढायला लागली. मी कापत राहिले. ही मुलगी बोलायला आली की आधी काम शोधते, मनीषासारखी.

बागेच्या कचऱ्याचा हिरवा डबा अर्धा भरल्यावर ती इंग्रजीत म्हणाली की उद्या बाबा परत बसणार. मी म्हटलं, बसणारच. मग ती मराठीत आली, म्हणजे तिच्या मराठीत, जिच्यात सगळ्यांना 'तू' असतं.

"काकू, तुला माहीत आहे तो उठत का नाही?"

मला माहीत नव्हतं. तिने तोडकंमोडकं सांगितलं, तीन भाषा मिसळून. हॉस्पिटलमध्ये बाबा आईजवळ सकाळपासून बसून होता. पार्किंगची वेळ संपत आली म्हणून गाडी हलवायला खाली गेला. तेवढ्यात आई गेली.

"मी होते," इरा म्हणाली. "तो नव्हता."

मनीषा गेली तेव्हा घाटे तिथे होते असंच मी धरून चालले होते. हातातली कात्री चालूच होती. कुंपणात त्या जागी आता एक खड्डा आहे, तो भरायला वर्ष जाईल.

ती दाताळ्याने तीच साफ झालेली जागा पुन्हा ओढत होती. म्हणाली, नोव्हेंबरमध्ये मी मैत्रिणींना सांगितलं होतं की तो कोण ते मला माहीत नाही.

"बाबांना माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं होतं."

हे लपवून ठेवण्यात मला काही अर्थ दिसला नाही. तिने वर पाहिलं, आणि मला पुढचं बघवलं नाही म्हणून मी फांद्या डब्यात दाबायला लागले. हातातली फांदी पुढे करत तिने विचारलं, "उद्या तो येईल? झाडाखाली?"

"मला काय विचारतेस? समोर तर घर आहे."

"मराठीत कसं सांगू?"

"'बाबा, उद्या ये.' बास."

"तो 'का?' असं विचारेल."

"नाही विचारणार."

ती गेली. मी डब्याचं झाकण लावेपर्यंत घाटे बाहेर आले. एका पायात सपात, दुसऱ्यात नुसता मोजा. रस्ता ओलांडून कुंपणाशी उभे राहिले.

"वहिनी, ती मला ये म्हणाली. शाळेत."

"मग जा."

"मराठीत म्हणाली."

मी आत जाऊन थर्मास आणून दिला. माकडटोपी घालू नका, जुलै आहे, एवढं बजावलं. ते बरं म्हणाले, चार पावलं गेले आणि परत आले. त्यांच्या स्वतःच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "पण मग इथे कोण बसणार?"

मी म्हटलं, कोणी बसायची गरज नाही. बसणं काय, उभं राहणं काय, तिथे तर तुम्ही तिच्या जवळच असणार.

"बरोबर आहे," घाटे म्हणाले. तरी हलले नाहीत. "तेव्हापासून ही खुर्ची एकाही पेपरला रिकामी नव्हती हो."

"काकड्या आहेत का घरात?" मी विचारलं. नव्हत्या. त्यांना दोन काकड्या देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाचा राहिलेला भाग करायचा होता. मी कात्री घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं निघत होते. घाट्यांनी तिचे टायर दाबले. मग इरा वाकली आणि तिने त्यांचे दाबले. ती पुढे, ते मागे, पाठीवरच्या पिशवीतून थर्मासचं टोपण बाहेर आलेलं. कोपऱ्यावर ती हळू झाली, ते बरोबरीला आल्यावर दोघं वळले.

मी कात्री आत ठेवली. बाथरूमला जाऊन आले, मी काही घाटे नाही. मनीषाने दिलेली त्यांच्या घराची किल्ली आमच्या खिळ्यावर होती, ती घेतली, समोर गेले, चपला काढल्या आणि खुर्चीवर बसले. खुर्ची कडक आहे, आणि तिच्यावरून माझं अर्धं कापलेलं कुंपण फार वाईट दिसतं. काही वेळाने आजीबाई कुत्रा घेऊन गेल्या. खिडकीशी थांबल्या, मला पाहिलं, आणि काही न विचारता हात वर केला.

मीही केला. उठले नाही.