पानाची पाठ

लग्नाच्या पंगतीत केळीचं पान समोर आलं की माणसं त्यावर पाणी शिंपडतात. माधवअण्णा पान उलटं करून त्याची पाठ बघतात. वाढपी थांबतो, शेजारचे माना वळवतात. अण्णा निवांतपणे पान सुलटं करतात आणि म्हणतात, "हं, वाढा."

बंगळूरला बसवनगुडीच्या बाजारात ते मेथीची जुडीही अशीच उलटून बघतात. तेव्हा भाजीवाली अक्का कन्नडमध्ये जे बोलते ते मी इथे लिहीत नाही.

मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो. आमचं घर शहराबाहेर, आनेकलला. वडील तिथे कारखान्यात आहेत. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे कुणाला काय विचारावं हेच मला कळत नसे. अण्णांना मात्र विचारलं, कारण त्यांची सगळी नोकरी दगडांत ठसा उरलेले नेचे, म्हणजे फर्न, ओळखण्यात गेली होती. तीही बंगळूरमध्ये, जिथल्या दगडात एक पान सापडायचं नाही. त्यांचे दगड चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणींतून यायचे.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी कॉलेजने मला असाच एक दगड दिला. काळ्या पाटीसारखा, त्यावर नाजूक पानाचा ठसा. ओळखायचा आणि वर्गीकरण करायचं. मला तर तो सरळ नेचाच दिसत होता.

"दिसतो सगळ्यांनाच," अण्णा म्हणाले. "पण पाठ कुठाय त्याची?"

नेच्याच्या पानामागे बीजाणूंचे ठिपके असतात. पण अगदी तशीच पानं असलेली, बिया धरणारी झाडंही त्या काळी होती. म्हणून ठिपके दिसल्याशिवाय अण्णा कशालाच नेचा म्हणत नाहीत. रोज संध्याकाळी आम्ही दिवा आडवा धरून, भिंगातून शिरा कुठे फुटतात ते बघत बसायचो. माझी घाई दिसली की म्हणायचे, "स्वल्प थांब. ते पान केव्हाचं थांबलंय."

वडील फोनवर विचारायचे, नाव सापडलं का. मागून आई म्हणायची, काहीतरी ठेवून टाक म्हणावं.

ठिपके दिसलेच नाहीत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी सांगितलं, जेवढं दिसलं तेवढंच लिही: नेच्यासारखं पान, पाठ दिसत नाही, कूळ ठरवता येत नाही. मी घाबरलो. नाव नसलेल्या प्रकल्पाला पास कोण करणार? नापास झालो तर घरून पुन्हा पाठवतील याचा भरवसा नव्हता.

"खोटं नाव लिहून पास झालास तर माझ्याकडे पेढे आणू नकोस," ते म्हणाले आणि दिवा बंद केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, कूळ का लिहिलं नाही. मी अडखळत शिरांचं सगळं सांगितलं, पाठ दिसत नाही हेही सांगितलं. त्यांनी स्वतः भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग दगड माझ्याकडे सरकवला. "बरोबर. मीही लिहिलं नसतं. पास आहेस."

बाहेर आलो तर जिन्याखालच्या बाकावर माधवअण्णा. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या भाताचा डबा, अजून न उघडलेला. शिपाई म्हणाला, हे तर फाटक उघडायच्या आधीपासून आलेत. माझा नंबर दुपारनंतर आहे हे त्यांना माहीत होतं.

पास झालो म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि चष्मा काढून पुसत बसले. मी विचारलं, अण्णा, एवढ्या सकाळी कशाला आलात?

"कुणाची वाट बघायची सवयच राहिली नाही रे," ते म्हणाले. "अंदाज चुकला. फार लवकर आलो."