तब्येत : खालावलेली

१९७४ सालची गोष्ट. घरातली सून समुद्रकाठच्या खडकांतल्या माशांवर प्रबंध लिहीत होती. दर ऋतूत, ओहोटीला चार डबक्यांतले बोटभर मासे पकडायचे, लांबी मोजायची, वजन करायचं आणि परत तिथंच सोडायचे. लांबीच्या मानानं वजन किती, यावरून मासा कसा आहे ते ठरे. वहीतल्या त्या रकान्याला तिनं साधं नाव दिलं होतं, ‘तब्येत’.

थंडी सुरू होताना चारही डबक्यांपुढे तिनं लिहिलं, ‘खालावलेली’. वही जेवणाच्या टेबलावर उघडीच राहिली.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. तीन डबक्यांतले मासे वाळून काड्या झालेले, पायऱ्यांजवळच्या पहिल्या डबक्यातले मात्र गुबगुबीत. तिनं तीनदा वजन केलं, काटा बदलला. मासे हटेनात.

आकडे पाहून तिच्या सरांनी चष्मा काढला. थंडीत मासे वाळतात, फुगत नाहीत. हे आकडे घरी बसून भरलेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. उद्या ते स्वतः येऊन बघणार होते. खोटं निघालं तर प्रबंध विसरायचा. चार वर्षांचं काम. सून त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं खडकांवर पोचली, तर पहिल्या डबक्यापाशी मांडीवर डबा घेऊन सासूबाई बसलेल्या. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीनं चुरून पाण्यात सोडत होत्या.

“आई, हे काय?”

“काय म्हणजे? तब्येत खालावलीय असं तूच लिहिलंस ना? नुसती वजनं करून काय होणार, खायला कोण घालणार? दोन महिने रोज येतेय मी.”

सर पाण्यावर वाकले होते.

“बाई, बाकीच्या डबक्यांत का नाही घातलं?”

“तिकडे शेवाळ आहे. पडले तर माझी तब्येत कोण बघणार?”

सरांनी चारही डबकी पाहून घेतली. पाणी तेच, थंडी तीच, फरक फक्त खाण्याचा. म्हणजे मासे गारठ्यानं नाही, उपासमारीनं वाळत होते, आणि वीस वर्षं ते वर्गात उलटंच शिकवत आले होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, रोजची काही नोंद आहे का? सासूबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अंड्यागणिक फुली आहे.

प्रबंध पहिल्या फटक्यात मान्य झाला. सून पुढे विभागप्रमुख झाली. सरांनी आपली चूक भर सभेत कबूल केली. त्यांची हडकुळी अंगकाठी पाहून सासूबाई त्यांनाही दर रविवारी जेवायला बोलावू लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांचा कोट दोनदा सैल करावा लागला. सासूबाई ब्याण्णव वर्षं जगल्या. प्रबंधातलं ‘आहार : सासूबाई’ हे पान त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

आणि मासे? पुढच्या थंडीत सासूबाईंचा गुडघा धरला, तसे पहिल्या डबक्यातलेही वाळले. सुनेनं आनंदानं लिहिलं, ‘खालावलेली’. आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.