तीस बाय चाळीसचं मैदान

"हाकललं! अकराच्या अकरा जणांना हाकललं! गोलचे खांबसुद्धा हातगाडीवर घातले!"

सकाळी सात वाजता धोंडिबाअण्णा ओरडले आणि आमचं वठार, म्हणजे एका नळावर भांडणारी नऊ घरं, घागरी टाकून धावलं. आवाज असा, की कंटोन्मेंटातले कावळे उडाले ते थेट वीसेक मैलांवरच्या आनेकलला जाऊन बसले. मला वाटलं, घरमालकानं कुणाचं तरी सामान रस्त्यावर काढलं. पाहतो तर अण्णांच्या हातात विलायतेचा पेपर. बोटीनं आलेला, दीड महिन्याचा शिळा. तिकडे हाकललेले एव्हाना सावरलेही असतील; अण्णांना धक्का मात्र ताजा बसायचा.

अण्णा बूट शिवायचे. इंग्रजांच्या काळात पलटणीच्या फुटबॉल टीमचे बूट त्यांच्याच हातचे. त्या टीममधला एक सार्जंट जाताना आपल्या गावच्या क्लबाचा लोकरी मफलर त्यांच्या गळ्यात घालून गेला, आणि पुढे पेपर पाठवत राहिला. मफलर अण्णा एप्रिलातही काढत नसत. इंग्रजी त्यांना बोलता यायचं, वाचता यायचं नाही. फोटो ते बघायचे, मजकूर मी, शाळेतला मास्तर, वाचायचा.

तर या क्लबाला स्वतःचं मैदान नव्हतं. कधी क्रिकेटवाल्यांच्या मेहेरबानीवर, कधी कुत्र्यांच्या शर्यतीच्या जागेत.

"कुत्र्यांची वेळ झाली की माणसांनी उठायचं, मास्तर. अय्यो, काय म्हणावं. दोनशे वर्षं आमच्या घरात राहिले, एक महिन्याचं भाडं दिलं नाही. आणि स्वतःच्या गावात यांना बिऱ्हाड मिळेना?"

अखेर एकदा बातमी आली, की क्लबानं गावाबाहेर जागा बघितली आहे. बघितली, एवढंच. पुढचं अण्णांनी मला वाचूच दिलं नाही. अंगणात चूल मांडली, फळीवरून पितळेचं पातेलं काढलं आणि दूध तापत ठेवलं. आमच्याकडे दूध उतू गेलं की घरभरणी झाली. छप्पर आणि करारमदार मागाहून. पातेलं कोरं करकरीत होतं, जन्मात चूल न पाहिलेलं. नऊ घरांना पुरणपोळी झाली. एवढंच, की दूध पूर्वेला उतू जायला हवं ते पश्चिमेला गेलं. अण्णांनी उकळतं पातेलं फिरवायचाही प्रयत्न केला. दोन बोटं भाजली.

पुढच्या बोटीनं बातमी आली, तिथल्या नगरपालिकेनं जागा नाकारली. अण्णांचा चेहरा पडला तो असा, की मीच घाबरून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

"माझ्यामुळं झालं, मास्तर."

"अण्णा, त्यांनी नाकारलं तेव्हा तुमची चूल पेटलीसुद्धा नव्हती."

"असेल. दूध तर माझं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन माझ्या दारात. आनेकलच्या वाटेवर त्यांची एक साइट होती, घर बांधायला घेतलेला मोकळा तुकडा, तीस फूट बाय चाळीस. बरीच वर्षं झाली होती घेऊन, अजून एक वीट लागली नव्हती.

"लिहा क्लबाला. जागा तयार आहे. भाडं नको. तिथून कुणी उठवणार नाही म्हणावं."

मी कागदावरचं माप पुन्हा पाहिलं. "अण्णा, एवढ्या जागेत गोलकीपरनं हात पसरले तर शेजाऱ्याला लागतील."

"आधी येऊ तर देत. मग स्वल्प सरकून घेतील."

मी लिहिलं. हो, लिहिलं; अण्णांना नाही म्हणणारा माणूस त्या वठारात अजून जन्मायचा होता. पुढे तीन महिने दर रविवारी अण्णा पहिल्या बसनं आनेकलला जायचे, काटेरी झुडपं उपटायचे, दगड वेचायचे. पडणाऱ्याचे गुडघे फुटू नयेत म्हणून.

उत्तर आलं. जाड कागद, टाइप केलेला, खाली चिटणीसाची सही. अख्खं वठार जमलं आणि मी मराठीत करून वाचलं: आपलं पत्र समितीच्या बैठकीत उभं राहून वाचण्यात आलं. आम्ही आपले ऋणी आहोत. फक्त पाहुण्या संघांना यायला जरा लांब पडेल.

लोक इतके हसले, की नळ बंद करायचा राहिला. अण्णा हसले नाहीत. पांगापांग झाल्यावर त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचून घेतलं, मग पातेलं मफलरात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि बूट शिवायला बसले.

मी म्हटलं, "अण्णा, साइट तुमची, पातेलंही घेऊन ठेवलेलं. तुम्हीच बांधा की घर."

"पातेलं तिनं घेतलं होतं."

ती म्हणजे तुळसाक्का, अण्णांची बायको. साइटचे कागद हातात आले त्याच वर्षी ती गेली, हे मी शेजारच्यांकडून ऐकलं होतं. अण्णांच्या तोंडून कधीच नाही.

"तरी पण अण्णा, जागा आहे ना?"

दोऱ्याला मेण लावता लावता, वर न बघता ते म्हणाले, "एकट्याला मोठी होते."